शाळेच्या चेंजिंग रूमची तयारी घरच्या बाथरूममध्येच करायची असते

मूल चौथी-पाचवीत गेलं की एक दिवस डायरीत नोटीस येते, पुढच्या आठवड्यापासून स्विमिंग किंवा स्पोर्ट्स सुरू, कॉश्च्युम, टॉवेल, जादा कपडे पाठवा. मग आपण मुंबईत धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत जाऊन गॉगल, कॅप, कॉश्च्युम सगळं घेऊन येतो, नाव लिहून बॅग भरतो, आणि झाली तयारी असं वाटतं. पण त्या चेंजिंग रूममध्ये मूल पहिल्यांदाच आपल्याशिवाय कपडे काढणार असतं, अंग धुणार, पुसणार, परत युनिफॉर्म घालणार, ते सुद्धा वर्गातल्या इतर मुलांच्या गर्दीत, ओल्या लादीवर, आणि बेल व्हायच्या आत. घरी आंघोळ झाल्यावर टॉवेल हातात द्यायला आई-बाबा किंवा आजी असते, तिथे कोणी नसतं. मावशी असतात पण त्यांच्या वाट्याला अख्खा वर्ग असतो, त्या तुमच्या मुलाच्या पायाची बोटं पुसली का ते बघू शकत नाहीत.

ज्यांची मुलं या वर्षी पहिल्यांदा शाळेचा लॉकर, चेंजिंग रूम किंवा पूल वापरणार आहेत त्या पालकांसाठी हे लिहितेय. शाळेत पूल नसला तरी हे लागू आहे, कारण मुंबईत कितीतरी मुलं शाळा सुटल्यावर शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात नाहीतर आपल्याच सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये जातात, आणि चेंजिंग रूमची लादी सगळीकडे सारखीच ओली.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. मुलांना धुवायला येतं, वाळवायला येत नाही. पाणी अंगावर घ्यायला त्यांना आवडतंच, शॉवरखालून बाहेर काढावं लागतं, पण पुसायचं म्हणजे पाठीवर टॉवेल एकदा फिरवला की झालं. आणि आपल्या हवेत त्रास होतो तो या राहिलेल्या ओलीमुळे. चिखल्या, गजकर्ण, जांघेतली खाज हे सगळं बुरशीमुळे होतं आणि बुरशीला ऊब आणि ओल एवढंच लागतं. नायलॉनचे मोजे, बंद काळे बूट, दमट हवा, दिवसभर शाळा, म्हणजे तिला पाहिजे ते सगळं आपण पायातच देतो. त्यात शाळा सुरू होते जूनच्या मध्याला आणि मुंबईत मान्सून पोचायची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे मुलाची नवीन सवय आणि पावसाळा दोन्ही एकाच वेळी सुरू होतात. म्हणून जे काही शिकवाल त्यात पुसणं आणि वाळवणं याला धुण्यापेक्षा जास्त वेळ द्या.

पहिली पायरी, बॅग

मोठा जाड टर्किश टॉवेल पाठवू नका. दिसायला छान असतो पण एकदा ओला झाला की संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो, बॅग जड होते, आणि आठवडाभरात त्याला कुबट वास लागतो. त्यापेक्षा सुती पंचा द्या. दादरला कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळतो, पाणी पटकन शोषतो, पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो, घडी लहान होते आणि दोन घेतले तरी टॉवेलपेक्षा स्वस्त पडतात. दोन घ्याच, एक अंगाला आणि एक छोटा फक्त पायांना. पायाचा वेगळा रंगाचा घ्या म्हणजे गोंधळ होत नाही, मुलाला सांगायलाही सोपं, पांढरा वर, निळा खाली. पायाला बुरशी झालेली असेल तर तोच टॉवेल जांघेला लावला की ती तिथे जाते, म्हणून हे वेगळं ठेवायचं.

रबरी चप्पल हवीच. साधी, मागे पट्टा असलेली, निसरडी नसलेली. चेंजिंग रूममध्ये, शॉवरमध्ये, पूलच्या काठापर्यंत चप्पल पायात, पाण्यात उतरताना काढायची आणि बाहेर आल्या आल्या घालायची. तळपायाला येणारी चामखीळ विषाणूमुळे येते आणि ती अशाच ओल्या लाद्यांवरून मिळते, आणि बरेच जण तिला कुरूप समजून ब्लेडने तासत बसतात, ते अजिबात करू नका, डॉक्टरांना दाखवा.

ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी. २०१८ पासून आपल्याकडे प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे त्यामुळे जुन्या पातळ पिशव्या विसरा, रेनकोटच्या कापडाची दोरीवाली पिशवी शिवून घ्या किंवा चांगली जाड झिपवाली घ्या, आणि घरी आल्यावर ती पिशवी सुद्धा उलटी करून वाळत घालायची. हे हमखास राहतं. कपडे धुतो, पिशवी तशीच, आणि मग धुतलेल्या कपड्यांना वास का येतो ते कळत नाही.

मोज्यांचा एक जादा जोड, सुती. एक जादा अंडरवेअर, सुती. पेपर सोपची छोटी डबी, कारण शाळेच्या बेसिनवर साबण असेलच असं नाही आणि असला तर अर्धा वितळलेला असतो, आणि पेपर सोप मुलांना आवडतो म्हणून ती हात धुवायला स्वतःहून जातात. स्वतःचा कंगवा. पाण्याची बाटली नावासकट. बस, एवढंच. बॅग जितकी भरलेली तितकं मूल गोंधळतं, अर्ध्या वस्तू तिथेच राहतात.

दुसरी पायरी, घरी प्रॅक्टिस

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच कोणी करत नाही. सांगून मुलांना काही लक्षात राहत नाही, हाताने केलेलं राहतं. शाळेत स्विमिंग सुरू व्हायच्या आधी एक-दोन आठवडे, रोज नाही जमलं तर एक दिवसाआड, घरच्या बाथरूमची चेंजिंग रूम करा. मुलाने बॅग घेऊन आत जायचं, कपडे काढून ठेवायचे (जमिनीवर नाही, हुकला नाहीतर बॅगेत), चप्पल घालूनच आंघोळ करायची, पुसायचं, कपडे घालायचे, ओले कपडे ओल्या पिशवीत भरायचे आणि बाहेर यायचं. तुम्ही दाराबाहेर. आतून हाक आली, आई टॉवेल दे, तरी द्यायचा नाही, बॅगेत आहे म्हणून सांगायचं. सुरुवातीला अर्धा तास लागेल, चिडचिड होईल, बटण उलटं लागेल, लागू दे. घड्याळ नंतर लावा, आधी क्रम बसू दे. क्रम बसला की मग हळूहळू दहा-बारा मिनिटांपर्यंत आणा कारण शाळेत साधारण तेवढाच वेळ मिळतो.

पुसायचा क्रम असा शिकवा. आधी डोकं, मग तोंड आणि कानामागे, मान, मग काख, छाती-पोट-पाठ, मग जांघा, आणि सगळ्यात शेवटी पाय. वरून खाली. कारण पाय सगळ्यात मळलेले असतात आणि पायाचा पंचा परत वर आणायचा नाही. पायाच्या बोटांमधली प्रत्येक फट वेगळी पुसायची, करंगळी आणि तिच्या बाजूच्या बोटामधली तर नक्कीच, चिखल्या बहुतेक तिथूनच सुरू होतात कारण ती फट सगळ्यात चिकटलेली असते. मुलाला बाकावर बसवून एक पाय मांडीवर घेऊन पुसायला शिकवा, उभ्याने पुसायला गेलं की तोल जातो आणि मग पुसणं राहतंच. लहान मुलांना बोटं मोजत पुसायला सांगितलं की मजा वाटते, चार फटी या पायाच्या, चार त्या पायाच्या, आठ झाल्या की मोजे.

आणि पायाला आधीच चिखल्या किंवा बुरशी असेल तर एक छोटी युक्ती लक्षात ठेवा, अंडरवेअर घालायच्या आधी मोजे घालायचे. उलटं वाटतं पण त्याचं कारण असं की अंडरवेअर पायातून वर चढवताना बोटांवरची बुरशी कापडाला लागून जांघेपर्यंत जाते. मोजे आधी चढवले की ती वाट बंद. मुलं यावर हसतात, हसू दे, हसल्यामुळेच लक्षात राहतं.

कपडे बदलताना अंग झाकून कसं बदलायचं तेही याच प्रॅक्टिसमध्ये घ्या. गावी विहिरीवर नाहीतर नदीवर आपले आजोबा पंचा गुंडाळूनच सगळं बदलायचे, कोणाला काही दिसायचं नाही, तीच पद्धत. लहान हातांना गाठ टिकत नाही, म्हणून पंचाच्या वरच्या कडेला इलॅस्टिक घालून शिवून घ्या, कोपऱ्यावरचे टेलरकाका दहा मिनिटांत करून देतात. ज्या मुलांना लाज वाटते, आणि साधारण नऊ-दहाव्या वर्षी बऱ्याच जणांना अचानक वाटायला लागते, ती मुलं लाजेपोटी ओला कॉश्च्युम न काढता त्यावरच युनिफॉर्म घालतात आणि घरी येईपर्यंत तशीच बसतात. हे फार होतं. इलॅस्टिकच्या पंचाने हा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटतो.

शॉवरचं काय

पूलमध्ये उतरायच्या आधी शॉवर का घ्यायचा हे मुलाला खरं कारण देऊन सांगा, नुसता नियम सांगून मुलं तो घेत नाहीत, पायावर पाणी उडवून पळतात. पूलला गेल्यावर नाकात जो उग्र वास जातो ना, डोळे चुरचुरतात, तो पूल स्वच्छ असल्याचा वास आहे असं आपण समजतो. तसं नाहीये. क्लोरीन घाम आणि लघवीला लागलं की त्यातून क्लोरामाइन नावाचे पदार्थ बनतात आणि तो वास त्यांचा असतो. म्हणजे सगळ्यांनी आधी नीट अंग धुतलं, घाम काढला, बाथरूमला जाऊन आले, तर सगळ्यांचेच डोळे कमी चुरचुरतील. मी पाहिलंय, हे ऐकल्यावर मुलं पूलमध्ये शू करणाऱ्या मित्राला स्वतःच ओरडतात.

डोक्याला तेल लावून पूलला पाठवायचं नाही, त्या दिवशी तेल राहू दे, रात्री लावा. केस लांब असतील तर वेणी घालून कॅपमध्ये. आणि बाहेर आल्यावर ओल्या केसांची घट्ट वेणी परत घालून शाळेत बसवू नका, मुलींच्या बाबतीत हे सर्रास होतं कारण शाळेचा नियम वेणीचा असतो. टीचरशी बोलून घ्या, स्विमिंगच्या दिवशी सैल पोनी चालेल का, बहुतेक टीचर हो म्हणतात, विचारायचं कोणाच्या मनात येत नाही एवढंच.

कानात पाणी गेलं तर डोकं त्या बाजूला कलवून कानाची पाळी हलवायची आणि बाहेर आलेलं पाणी पंचाच्या टोकाने टिपायचं. इअरबड आत घालायचा नाही, पेनचं टोपण तर नाहीच नाही. पूलनंतर कान ओढल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता खरी परिस्थिती. मुंबईत कितीतरी शाळांत शॉवर नाही, आहे तर पाणी ठरावीक वेळेतच येतं, किंवा वीस मुलांत दोन नळ. ग्राउंडवर फुटबॉल खेळून आलेलं मूल घामाने निथळत परत वर्गात बसतं. अशा वेळी प्लॅन बी शिकवून ठेवा, दोन छोटे सुती नॅपकिन. एक नळाखाली ओला करून पिळायचा आणि तोंड, मान, काख, मग पाय, याच क्रमाने पुसायचं, दुसरा कोरडा घेऊन लगेच टिपून काढायचं. बनियन बदलायचा. यात पाच मिनिटं जातात आणि बादलीभर पाणी वाचतं. मल्लखांब करणाऱ्या मुलांचं जरा वेगळं, खांबाला एरंडेल असतं, ते अंगाला लागतं, त्यावर धूळ बसते, त्याला नुसतं पाणी पुरत नाही, घरी गेल्यावर साबण लावून घासायलाच हवं. कबड्डी, ज्युदो, कुस्तीमध्ये मॅटवर अंगाला अंग लागतं आणि गुडघे-कोपर सोलवटतात, तिथे खरचटलेलं सगळं आधी धुवून झाकायचं आणि मगच मॅटवर जायचं, कारण त्वचेचे फोड आणि गजकर्ण दोन्ही याच वाटेने पसरतात.

काय शेअर करायचं आणि काय नाही

आपण लहानपणापासून मुलांना वाटून घ्यायला शिकवतो, डबा वाट, खेळणं वाट, आणि मग अचानक सांगतो टॉवेल देऊ नकोस, तेव्हा मुलाला ते वाईट वागणं वाटतं. म्हणून स्पष्ट यादी द्या. टॉवेल, कंगवा, कॅप, मोजे, अंडरवेअर, पाण्याची बाटली हे कोणाचं घ्यायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. बाकी बॉल, खाऊ, शार्पनर खुशाल द्या. आणि मित्र टॉवेल विसरला तर काय करायचं तेही सांगा, कारण ते होणारच आहे. बॅगेत एक जुना स्वच्छ नॅपकिन जादा ठेवा, तो त्याला देऊन टाकायचा, घरी घेऊन जा म्हणायचं.

उवांबद्दल थोडं. ऊवा घाणीने होत नाहीत, स्वच्छ धुतलेल्या केसांतही होतात, डोक्याला डोकं लागलं की जातात. म्हणून ज्या मुलीला ऊवा झाल्या तिला वेगळं बसवू नका आणि आपल्या मुलीला तिच्याशी खेळू नको असं सांगू नका. घरी आठवड्यातून एकदा ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणीने विंचरा, पांढऱ्या कागदावर किंवा कापडावर झटका, दिसतातच. औषध लावलं तर डॉक्टर किंवा केमिस्ट सांगतील तसं सात ते दहा दिवसांनी परत लावायचं, कारण पहिल्या वेळी ऊवा मरतात पण लिखा राहू शकतात आणि त्या तेवढ्या दिवसांत फुटतात. दुसरी वेळ चुकली की सगळं पहिल्यापासून.

लॉकर

ज्या शाळांत लॉकर आहेत तिथे नियम एकच ठेवा, ओली वस्तू लॉकरमध्ये रात्रभर राहणार नाही. पंचा नाही, कॉश्च्युम नाही, घामाचे मोजे नाहीत, अर्धा खाल्लेला डबा तर मुळीच नाही. स्पोर्ट्स शूज ठेवायचे असतील तर लेस सैल करून, जीभ बाहेर ओढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, कागद ओल ओढून घेतो, दुसऱ्या दिवशी बोळे बदलायचे. एकच बूट रोज घातला तर तो वाळतच नाही, जमत असेल तर दोन जोड आलटून पालटून. शनिवारी नाहीतर आठवड्याच्या शेवटच्या दिवशी लॉकर रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि गणपती, दिवाळी, मे महिन्याच्या सुट्टीआधी तर नक्कीच, नाहीतर सुट्टी संपल्यावर ते दार उघडायला कोणी तयार होत नाही.

घरी आल्यावर

बॅग दारातच रिकामी करायची. हे काम मुलाचं, आईचं नाही. ओले कपडे थेट बाथरूमच्या बादलीत, चप्पल धुवून गॅलरीत, बाटली सिंकमध्ये. कॉश्च्युम साध्या पाण्याने लगेच खळबळून घ्या म्हणजे क्लोरीन निघून जातं, आणि सावलीत वाळवा, कडक उन्हात त्याचं इलॅस्टिक जातं. पंचे आणि मोजे मात्र ऊन असेल तर उन्हातच. पावसाळ्यात जुलै महिन्यात चाळीत काय आणि टॉवरमध्ये काय, कपडे वाळत नाहीत, दोरीवर तीन-तीन दिवस दमट लटकत असतात, तेव्हा अंडरवेअर आणि मोजे वाळल्यासारखे वाटले तरी गरम इस्त्री फिरवून मगच मुलाला द्या. शिवणीच्या जागी, इलॅस्टिकच्या पट्टीवर ओल राहते, तिथे जास्त फिरवा. या एकाच कामाने पावसाळ्यातला जांघेचा त्रास किती कमी होतो ते करून बघा.

पाणी साचलेलं असेल त्या दिवसाचा नियम वेगळा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे या भागांतून येणाऱ्या मुलांना तर सवयच असते त्या पाण्यातून चालायची. त्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असू शकते आणि लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू पायावरच्या छोट्या जखमेतून आत जातात. पायाला काही लागलेलं असेल तर त्या पाण्यात उतरू द्यायचं नाही, उतरावंच लागलं तर घरी आल्या आल्या साबणाने पाय धुवून कोरडे करायचे, आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून घ्यायचं की प्रतिबंधक औषध लागेल का. महापालिका दर पावसाळ्यात हे सांगत असते. मुलांना कोणतं औषध आणि किती हे वयावर असतं, शेजाऱ्यांनी घेतलेली गोळी आपल्या मुलाला देऊ नका.

रविवारी नखं. हाताची गोल, पायाची सरळ कापायची, कोपरे खोल कापले की नख मांसात जातं.

मोठी होणारी मुलं

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात कधीतरी शरीर बदलायला लागतं. काखेतल्या आणि जांघेतल्या वेगळ्या घामग्रंथी तेव्हाच कामाला लागतात आणि तोपर्यंत ज्याच्या घामाला वास नव्हता त्याच्या घामाला येतो. खरं तर ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच, त्वचेवरचे जंतू त्याचं विघटन करतात त्याचा वास असतो. म्हणून त्यावर उपाय म्हणजे धुणं आणि कपडे बदलणं. डिओ मारला तर वास झाकला जातो पण जंतू तिथेच, आणि बंद चेंजिंग रूममध्ये पाच मुलांनी एकाच वेळी स्प्रे मारला की दमा असलेल्या मुलाला खरंच त्रास होतो. मुलाला डिओ हवाच असेल तर रोल-ऑन द्या.

हे सांगताना तुझा वास येतो असं चारचौघांत कधी बोलू नका, भावंडांनाही बोलू देऊ नका. एकट्याला बाजूला घेऊन सांगा, आता तू मोठा होतोयस, आजपासून शाळेतून आल्यावर पण आंघोळ, आणि बनियन रोज धुवायला. मुलाने वर्गातल्या कोणाला चिडवू नये हे तो घरात जे ऐकतो त्यावरच ठरतं.

मुलींना पाळी यायच्या आधीच सगळं सांगून ठेवा, आठ-नऊ वर्षांची झाली की सुरुवात करा, चेंजिंग रूममध्ये अचानक कळण्यापेक्षा घरी आईकडून, मावशीकडून, बाबांकडूनही कळलेलं बरं. बॅगेत एक छोटा पाउच ठेवा, दोन पॅड, एक अंडरवेअर, थोडे जुने वर्तमानपत्राचे तुकडे. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून डस्टबिनमध्ये, टॉयलेटमध्ये टाकायचं नाही, आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. टॉयलेटमध्ये डस्टबिनच नसेल तर शाळेला लेखी कळवा, दोन-चार आयांनी मिळून कळवलं तर लवकर होतं.

आणि स्वच्छतेच्या बरोबरीने हेही इथेच सांगायला हवं. चेंजिंग रूममध्ये मोबाइल बाहेर काढायचा नाही, स्वतःचा फोटो सुद्धा नाही, कारण मागे कोणीतरी कपडे बदलत असतं. अंग धुवायला, पुसायला मदत करतो म्हणून कोणी मोठ्या माणसाने हात लावला, मग ते सर असोत, काका असोत, दादा असो, तर नाही म्हणायचं, बाहेर यायचं आणि त्याच दिवशी घरी सांगायचं. आपण ऐकून घेणार, ओरडणार नाही, हे मुलाला आधीपासून माहीत पाहिजे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर टाइमटेबलच्या मागे लिहून ठेवा. जे मूल आपलं आपण धुवू-पुसू शकतं त्याला मदत करतो असं म्हणायला कोणाला जागाच राहत नाही, घरच्या त्या प्रॅक्टिसचा हा पण फायदा आहे.

काही झालंच तर

महिन्यातून एकदा रात्री मुलाचे पाय हातात घेऊन बघा, बोटांच्या फटी, टाचा, जांघ, काख (मोठ्या मुलांना विचारा, त्यांनी स्वतः आरशात बघू दे). पांढरी फुगलेली कातडी, गोल कडा असलेला लाल चट्टा, बोटांच्या बेचक्यात रात्री वाढणारी खाज, असं काही दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. केमिस्टकडून ट्यूब आणून लावू नका, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे गजकर्णासाठी मिळणाऱ्या बऱ्याच मिक्स क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि आतल्या आत बुरशी पसरत राहते. गेल्या काही वर्षांत भारतात औषधाला दाद न देणारं गजकर्ण इतकं वाढलंय त्यामागे अशी क्रीम हे एक मोठं कारण त्वचेचे डॉक्टर सांगतात. डॉक्टरांनी चार आठवडे लावायला सांगितलं तर चार आठवडे लावायचं, चट्टा दिसेनासा झाला तरी. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, ज्याला खाज नाही त्यानेही, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते, आणि चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल त्याच दिवशी गरम पाण्यात.

पूलला केव्हा पाठवायचं नाही ते ठरवून टाका. ताप, जुलाब, डोळे आलेत, उघडी वाहती जखम, उपचार सुरू न झालेलं गजकर्ण किंवा खरूज, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी नाही. जुलाब थांबल्यावरही लगेच दुसऱ्या दिवशी नको, पोटाचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही तग धरतात, डॉक्टरांना विचारून पाठवा. डायरीत चिठ्ठी लिहा आणि कारण खरं लिहा. बरं वाटत नाही एवढंच लिहिलं तर टीचरला कळत नाही, आणि त्याच बाकावर बसून कपडे बदललेल्या इतर मुलांच्या घरी कोणी पाय तपासत नाही. नाव न घेता वर्गाला कळवा असं टीचरना सांगता येतं, त्या कळवतात.